त्या विमानाचा वास आणि तुझी सुई

अम्मा, अब्बांच्या कामावरच्या कपड्यांना जो वास यायचा तो कशाचा होता, ते मला कळलं आहे. तुला जाऊन वीस वर्षं उलटून गेली आणि कळलं ते आत्ता, गेल्या रमजानच्या जरा आधी. कळल्यापासून अन्न गोड लागत नाही असं लिहिलं तर तू म्हणशील, "नाटकं करू नको, बस नि खा." खाते मी. पण मधेच घास तोंडात असताना तो वास नाकात येतो. घास गिळवत नाही, थुंकवत नाही, आणि समोर बसलेल्या माणसाला वाटतं मीठ जास्त झालं.

तो वास मला कधीच कुणाला नीट सांगता आला नाही. रॉकेलचा नव्हता, ग्रीसचाही नव्हता. पिकून फुटलेला फणस दोन दिवस तसाच ठेवला आणि त्यावर कुणी रॉकेल ओतलं तर जसा येईल तसा काहीसा. गोडूस, तेलकट, घशाला चिकटून बसणारा. अब्बा दारात यायच्या आधी तो जिन्यावरून वर यायचा. बहरीनला, मुहर्रकच्या त्या घरात आपल्याला वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, विमानतळाकडून अरादला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. विमान उतरताना खिडकीतला ए.सी. थरथरायचा आणि तू बोलणं थांबवून ते जाईपर्यंत वाट बघायचीस. वास आला की तू तशीच थांबायचीस. फरक एवढाच की विमान निघून जायचं.

मी तेव्हा तिसरीत होते. अब्बा विमानतळावर विमानदुरुस्तीच्या एका कंपनीत पत्र्याचं काम करायचे. कुठल्याशा दूरच्या लढाईत वापरलेलं, लढाई संपल्यावर विकून टाकलेलं एक जुनं मालवाहू विमान कुणा व्यापाऱ्यानं घेतलं होतं. त्यातून भाजी, बकऱ्या, यंत्रांचे सुटे भाग असं काय काय आखातभर न्यायचं होतं. त्याआधी ते आतून साफ करायचं, मजल्याच्या फळ्या बदलायच्या, जागोजागची भोकं बुजवायची, हे काम अब्बांच्या कंपनीला मिळालं. फळ्या उचलल्या तेव्हा खाली डांबरासारखा काळा थर निघाला. विमानाच्या पोटात, खालच्या सगळ्या खाचाखोचांत तो जमून बसला होता. अब्बा आणि त्यांच्याबरोबरची आपल्याकडची माणसं रॉकेलमध्ये चिंध्या बुडवून तो खरवडून काढायची. हातमोजे निसरडे होतात म्हणून उघड्या हातांनी. बाहेर ऊन असं की पत्र्याला पाठ टेकवत नसे, आणि पत्रा तापला की तो थर मऊ होऊन जास्तच वास सोडायचा. त्या विमानाला त्यांनी नाव ठेवलं होतं बोंबील. "आज दिवसभर बोंबलाच्या पोटात होतो गो," असं म्हणत अब्बा चपला काढायचे आणि स्वतःच हसायचे. ते विमान संपतं न संपतं तोच तसलंच दुसरं आलं. मग धाकटा बोंबील.

तू तेव्हा पोटुशी होतीस. पहिल्या महिन्यांतच तुला तो वास सोसेनासा झाला. अब्बा आत आले की तू तोंडाला पदर लावून मोरीत धावायचीस. मला ओकारीचा आवाज ऐकू यायचा आणि मी अभ्यासाचं पुस्तक उगाच जोरात वाचायला लागायचे. खाली वसईची नर्सबाई राहायची, मनामाच्या हॉस्पिटलात कामाला. शिफ्ट संपवून येताना कोल्ड स्टोअर म्हणायच्या त्या किराणा दुकानातून तुझ्यासाठी काहीतरी आंबट आणायची. तुझी ही तऱ्हा बघून ती कमरेवर हात ठेवून हसली होती.

"नवऱ्याचा वास नको झाला म्हणजे पोरगाच होनार, लिहून ठेव."

"नवऱ्याचा नाय गो, त्याच्या कपड्यांचा."

"एकच की! कपडे काय शेजारनीचे घालतो काय तो?"

तू पण हसलीस, डोळ्यांत ओकारीचं पाणी तसंच. मग ते ठरूनच गेलं. कुणाला आंबट खावंसं वाटतं, कुणाला माती खावीशी वाटते, हिला नवऱ्याच्या कपड्यांचा वास सोसत नाही. डोहाळे. घराची मालकीणबाई, ती म्हातारी बहरिनी, तुला हातवारे करून सांगायची की हा त्रास लवकरच खलास होईल, इंशाल्ला. सगळ्यांना मौज वाटायची. पोटुशा बाईच्या नाकावर कोण विश्वास ठेवतं? आज मला त्या हसण्याचीच जास्त किळस येते, आणि तेवढ्यातच आठवतं की हसणाऱ्यांत मीही होते, आणि आमच्यापैकी कुणाच्याच मनात वाईट काही नव्हतं.

एक दिवस तू अब्बांना सरळ सांगितलंस. जिन्यातच अडवलंस त्यांना.

"बाकी मला काय नको. कैऱ्या नको, खुबे नको, काय नको. ही कामावरची डांगरी तेवढी घरात आणू नका."

"मग काय उघडा येऊ बाय? पोलीस धरतील."

"मस्करी नको. तिथंच ठेवा नि तिथंच धुवा."

अब्बांनी ते मनावर घेतलं, हे मला तुला परत सांगायचं आहे, कारण तू नंतर ते विसरलीस. चार-सहा दिवस ते कामावरून साधे कपडे घालून घरी आले. निळी डांगरी तिकडेच शेडमध्ये खुंटीला टांगून. मग मुकादमानं ती खाली काढून त्यांच्या अंगावर टाकली. शेडच्या पलीकडे ऑफिस होतं, तिथे वास जातो म्हणून तक्रार आली होती. "घरी नेऊन धू. मफी मुश्किल, काय अडचण नाय, साबण लावला की खलास." ऑफिसात वास चालत नव्हता, अम्मा. घरात चालत होता.

आणि गोऱ्या इंजिनियरांचे पांढरे डगले? ते लाँड्रीच्या गाडीतून जायचे. आठवड्यातून दोनदा गाडी यायची, डगल्यांची गाठोडी घेऊन जायची, इस्त्री करून आणून द्यायची. ते इंजिनियर विमानाच्या शिडीवर चढायचे, नाकाला रुमाल लावून आत डोकावायचे आणि उतरायचे. तेवढ्यासाठी लाँड्री. दिवसभर पोटात रांगणाऱ्या माणसांनी आपापले कपडे घरी धुवावेत अशी पद्धत होती. अब्बा हे अगदी सहज सांगायचे, त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही. "पद्धत हाय ती." हा शब्द आता नुसता कानावर पडला तरी मला शिसारी येते. कुणीतरी ती पद्धत पाडली असेल ना? एखाद्या टेबलाशी बसून कुणीतरी म्हटलं असेल, यांचे कपडे गाडीत घालू नका, बाकीचे खराब होतील.

मग तू धुवायला लागलीस. नळाचं मचूळ पाणी, सोडा, साबण, लाकडी धोपटणं. टबातल्या पाण्यावर तवंग यायचा आणि पाणी ओतून दिल्यावर टबाच्या कडेला पिवळट तपकिरी वळं राहायचं. तू ते नारळाच्या काथ्यानं घासून काढायचीस. त्याच टबात संध्याकाळी मला अंघोळ. दुसरा टब नव्हता. अब्बांच्या कानांमागे, मानेवर, पाठीवर काळ्या तोंडाच्या पुटकुळ्या उठल्या होत्या, बाजरीचे दाणे पेरावेत तशा. शुक्रवारी ते पालथे पडायचे आणि तू कापूस घेऊन त्या एकेक पिळायचीस. आतून खव्यासारखं पांढरं काहीतरी निघायचं. मी शेजारी बसून बघायचे. कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, घामोळं आहे, नवीन माणसाला इथलं ऊन बाधतं. अब्बांना तिथे सात-आठ वर्षं झाली होती. कंपनीनं सगळ्यांना घामोळ्याच्या पावडरीचे डबे वाटले. ते डबे रिकामे झाल्यावर तू त्यांत हळद आणि मिरपूड भरून ठेवलीस.

एका शुक्रवारी अब्बांना जादा कामाला बोलावलं होतं आणि जाताना ते मला घेऊन गेले, बोंबील दाखवायला. गेटवरचा शिपाई ओळखीचा होता. विमानाच्या मागच्या बाजूनं मोठं तोंड उघडं होतं आणि आत सगळी माणसं सावलीला जेवायला बसली होती, कारण त्या उघड्या मैदानात सावली तेवढीच. तू दिलेल्या डब्यात सुरमईचं कालवण होतं. फळ्या काढलेल्या जागी, लोखंडी पट्ट्यांवर वर्तमानपत्र पसरून आम्ही जेवलो. अब्बा मला पंखाखाली घेऊन गेले आणि वर बोट करून दाखवलं. तिथे ओळीनं गोल ठिगळं लावलेली होती. "इथं नळ्या होत्या. कशाच्या कुणास ठाऊक. ठिगळं मी मारलीत, बघ, एक तरी रिबिट वाकडा हाय काय?" एकही नव्हता. मला तेव्हा माझ्या वडिलांचा इतका अभिमान वाटला की मी त्या विमानाच्या आतल्या भिंतीवर बोटानं माझं नाव लिहिलं. बोट काळं झालं. ते मी फ्रॉकला पुसलं.

घरी आल्यावर तू माझं बोट नाकाशी नेलंस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. मला वाटलं आता मारणार, पण तू माझा हात धरून मोरीत नेलास आणि घासत सुटलीस, साबणानं, मग राखेनं, मग लिंबानं, कातडी लाल होईपर्यंत. मी रडत होते, अब्बा दारात उभे राहून म्हणत होते, "अगो, पोरीचं बोट मोडशील." आणि तू त्यांच्याकडे न बघता म्हणालीस, "मला घाण वाटते. तुम्हाला कुणाला कशी वाटत नाय?" नर्सबाई आवाज ऐकून वर आली होती. तिच्यादेखत तू अब्बांना कधी असं बोलली नव्हतीस. तिनं मला जवळ घेतलं आणि अब्बांना डोळ्यांनी खूण केली, असू दे, दिवस तसे आहेत.

सातव्या महिन्यात तुला वास येईनासा झाला. तू स्वतःच नवल केलंस. "बघ, गेला. नर्सबाई म्हणाली तेच खरं, डोहाळेच होते." आणि मोठ्या कौतुकानं तू अब्बांची जुनी डांगरी वाळत घातलीस. ती विटून, धुऊन धुऊन इतकी मऊ झाली होती की कामाच्या उपयोगाची राहिली नव्हती, आणि अब्बांना नवी मिळाली होती. आपल्याकडे बाळाच्या अंगाला पहिलं कापड कोरं लावत नाहीत. कोरं कापड टोचतं, आणि परकंही असतं. घरातल्या माणसांच्या अंगाला लागून मऊ झालेलं कापडच हवं, म्हणजे बाळाला आपली माणसं कळतात. तू डांगरी उसवलीस, तिचे तुकडे पुन्हा उकळत्या पाण्यातून काढले, गच्चीवर उन्हात वाळवले. वर आणि खाली तुझं जुनं लुगडं, आणि मधे अब्बांच्या डांगरीचे थर, अशी गोधडी घातलीस. उरलेल्या तुकड्यांची लंगोटं. बाळाला बापाचं कापड लागलं पाहिजे, असं म्हणत होतीस. तुझे टाके तांदळाच्या दाण्यासारखे असायचे, सारखे, छोटे.

त्या गोधडीचं काम चालू असताना ग्रहण लागलं. चंद्राचं. अब्बा मशिदीत ग्रहणाच्या नमाजीला गेले होते आणि जाताना म्हणाले होते की पोटुशा बाईनं हे करू नये, ते करू नये, असलं धर्मात काही सांगितलेलं नाही. तुला ते पटलं होतं. तू गावाला पाठवायची कॅसेट भरत होतीस. तेव्हा आपण पत्रं कमी लिहायचो. कुणी सुट्टीवर चाललं की त्याच्या हाती कॅसेट द्यायची, तिकडून दुसरा कुणी येताना त्यांची आणायचा. टेपरेकॉर्डर मांडीजवळ ठेवून तू फुफीशी, अब्बांच्या बहिणीशी, बोलत होतीस आणि हातानं टाके घालत होतीस.

"आपा, आज इथं गिराण लागलाय. तुमचे भाऊ गेलेत नमाजीला, नि मी बसलेय गोधडी शिवत. तुम्ही आसतात तर माझ्या हातातली सुई हिसकावून घेतली आसतीत!" आणि हसलीस. ते हसणं कॅसेटमध्ये गेलं.

बाळ आलं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. मुलगा, नर्सबाई म्हणाली होती तसाच. त्याचे डोळे तुझे होते आणि कपाळ अब्बांचं. कमरेच्या जरा वर, पाठीच्या कण्यावर, त्याला कातडी नव्हती. तिथे लिंबाएवढा एक ओला फुगा होता. पाय हलत नव्हते. डॉक्टरांनी पाठ शिवली, मग डोक्यात पाणी भरायला लागलं, मग ताप. तू त्याला कुशीवर निजवायला शिकलीस, पाठीखाली काही येणार नाही अशा बेतानं. त्या गोधडीवर. मी त्याच्या तळव्यांना गुदगुल्या करायचे आणि तो हसायचा नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून हसायचा. मला वाटायचं माझंच काही चुकतंय. तो उन्हाळा त्याला पुरा दिसला नाही. अब्बा आणि कामावरची दोन माणसं त्याला घेऊन गेली. मुहर्रकच्या त्या कबरस्तानात नावाचा दगड लावत नाहीत, आणि बायका गेल्या नाहीत, म्हणून तू त्याची जागा कधीच बघितली नाहीस. तू नर्सबाईला विचारलंस, का? ती तुझ्या पायाशी जमिनीवर बसली होती. म्हणाली, "तुझ्या अल्लाची मर्जी म्हन, माझ्या देवाची म्हन. माझ्याकडं दुसरं काय नाय गो." ती पहिल्यांदाच हसत नव्हती.

पुढच्या सुट्टीत आपण गावी आलो. फुफीनं पडवीत बायका जमवल्या होत्या, तुझं सांत्वन करायला म्हणून. चहा झाला. मग तिनं आतून टेप आणला आणि ती कॅसेट लावली. मला वाटतं तिनं आधीच ती बरोबर त्या जागेपर्यंत फिरवून ठेवली होती. तुझा आवाज आला, खुशीतला, आणि शेवटी ते हसणं. फुफीनं टेप बंद केला.

"ऐकलात? आपल्या तोंडानं सांगतेय. गिराणात सुई टोचलीन, पोराच्या पाठीला भोक पडला."

मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं तू उठशील, भांडशील, तू भांडायला काही कमी नव्हतीस. तू मान वर केलीस आणि खरंच विचारल्यासारखं विचारलंस, "आपा, कुठल्या टाक्याला?"

अम्मा, त्यानंतर तू सुई हातात धरली नाहीस. आपण परत बहरीनला गेलो, पुढे कायमचे गावी आलो, माझं लग्न झालं, तू आजारी पडलीस आणि गेलीस. या सगळ्या वर्षांत घरातली तुटलेली बटणं अब्बांनी लावली. पत्र्यावर ज्यांचा एक रिबिट वाकडा नसायचा त्यांचे टाके वेडेवाकडे यायचे. माझ्या शाळेच्या स्कर्टची शिवण उसवली तर तू ती त्यांच्यापुढे ठेवायचीस आणि आत जायचीस. घरातल्या सुया दोऱ्याच्या रिळात टोचून, रीळ पिशवीत, पिशवी कपाटाच्या वर. जशी काही ती सुरी होती.

आता कळलं ते सांगते. मी टीव्हीवर एक कार्यक्रम बघत होते. परदेशातली म्हातारी माणसं बोलत होती, एके काळी त्यांच्या वायुदलात असलेली. त्यांनी व्हिएतनामची लढाई बघितली नव्हती. लढाई संपल्यावर तिथून परत आलेली विमानं त्यांच्या वाट्याला आली आणि ती त्यांनी वर्षानुवर्षं माल वाहायला वापरली. लढाईत त्या विमानांतून जंगलांवर विष फवारलं होतं, झाडांची पानं गळून शत्रूला लपायला जागा राहू नये म्हणून. शेतांवर पण. ते विष विमानाच्या पोटात सांडलं, मुरलं, सुकून बसलं, आणि नंतर त्यात चढलेली माणसं आजारी पडली. त्यांना आधी सांगण्यात आलं की सुकलेला थर अंगात जात नाही. त्यांनी भांडून भांडून म्हातारपणी सरकारकडून ते कबूल करून घेतलं. एक जण म्हणाला की आत कायम एक वास असायचा, गोडूस. मग विमानाचं चित्र दाखवलं. मागचं मोठं तोंड. पंखांखाली नळ्या. त्या लढाईला गेलेल्यांच्या मुलांच्या पाठीच्या कण्याबद्दलही सांगितलं. मी टीव्ही बंद केला आणि मोरीत गेले. तुझ्यासारखीच, तोंडाला ओढणी लावून.

दुसऱ्या दिवशी अब्बा पडवीत अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. ते आता माझ्याकडे असतात. कान गेलेत, हात ठीक आहेत. मी फोनवर ते चित्र काढून त्यांच्यापुढे धरलं.

"अगो, हा तर बोंबील!" त्यांचा चेहरा असा उजळला की मला फोन मागे घ्यावासा वाटला. "ह्या नळ्यांच्या जागी ठिगळं मारलेली मी. तुला दाखवलेली, आठवतं? आत टाकीचे पाय होते जाड लोखंडाचे, ते पण मीच कापले. दोन दिवस लागले."

"अब्बा, त्या टाकीत काय होतं?"

"पानी आसंल. आग विझवायला."

"पाणी नव्हतं. झाडं मारायचं औषध होतं."

"म्हंजे तननाशक? बागेत मारतात तसलं?"

"तसलंच. जास्त वाईट."

त्यांनी एक सुपारी पुरी कातरली, खांड तळहातावर घेऊन बघितलं. "तुझ्या अम्माला लय वास यायचा त्याचा," ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघत राहिले, मी पुढे काय बोलते म्हणून.

"डोहाळे होते, अब्बा," मी म्हटलं.

काय करू मी? सुई तुझ्या हातातून काढून घेतली की डांगरी त्यांच्या हातात द्यावी लागते. ऐंशी वर्षांच्या माणसाला सांगू का, की जिन्यातून रोज वर यायचा तो वास त्यांनी खांद्यावर टाकून आणला होता, बायकोला धुवायला दिला होता, लेकराच्या अंगाखाली घातला होता? आपल्या घरात दोष ठेवायला तिसरी जागाच नव्हती. ज्यांनी ती विमानं विकली, ज्यांनी घेतली, ज्यांनी नाकाला रुमाल लावून आत डोकावलं, ती माणसं आपल्याला कधी दिसलीच नाहीत, मग आपण पडवीत बसून आपल्यातच शोधत राहिलो. मला फुफीचा राग आहे, पण किळस तिची येत नाही. किळस येते ती इस्त्री होऊन आलेल्या त्या पांढऱ्या डगल्यांची. आणि पावडरीच्या डब्यांची, ज्यांतली मिरपूड आपण कितीतरी दिवस अंड्यावर घालून खाल्ली.

तुला खोटं सांगणार नाही. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एका मुलाबद्दल असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. आईच्या जेवणात एखादं सत्त्व कमी पडलं तरी असं होतं, कधी काहीच कारण नसतानाही होतं. मग मी ग्रहणाचं विचारलं. त्यांना वाटलं मी मस्करी करते. "सुईनं?" ते म्हणाले, "सुईनं कसं होईल?" तेवढंच मला तुला सांगायचं होतं. कुठल्याच टाक्याला झालं नाही, अम्मा. आणि तुला वास आला होता तो खरा होता.

हे कागद मी कुठे टाकणार? कॅसेट असती तर निदान कुणाच्या हाती द्यायची सवय होती. अब्बांना वाचायला चष्मा लागतो, पण कुणीही ठेवलेला कागद दिसला की ते तो चढवून वाचत बसतात, म्हणून हे माझ्या कपड्यांखाली राहील.

एक राहिलं. गेल्या महिन्यात चंद्रग्रहण होतं, संध्याकाळी, मगरिबच्या नमाजीनंतर. घरात कुणी पोटुशी नाही, माझं तर ते वयही सरत आलं. अब्बांच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं आणि मी सुईत दोरा ओवून पडवीत बसले होते. पलीकडच्या घरातली मुलगी ओरडली, "गिराण लागला!" डॉक्टरांचं बोलणं तेव्हा माझ्या कानांत ताजं होतं. तरी मी सुई रिळात टोचली, रीळ पिशवीत घातलं आणि हात मांडीवर घेऊन बसले, ग्रहण सुटेपर्यंत. अब्बांनी आतून हाक मारून विचारलं, "लावलंस काय गो बटण?"

मी म्हटलं, "उद्या लावते."